घास तोंडाशी नेला की हात उडतो

वाचकांचे प्रश्न : मेंदू आणि मज्जासंस्था

प्रश्न : डॉक्टर साहेबांना नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातून लिहिते आहे. आमचं गाव जंगलाला लागून आहे. रानडुकरं पीक ठेवत नाहीत, म्हणून रात्रीची जागल करावी लागते. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या रात्री हे वावरात गेले आणि खोपीत खालीच पोतं टाकून झोपले. पहाटे घरी आले ते पोट दुखतं म्हणत. चावल्याची खूण कुठे दिसली नाही. सणाचं खाणं बाधलं असेल म्हणून मी ओवा दिला. घंटाभरात यांच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, थुंकी गिळवेना. दिराने गाडी केली. रस्त्यातच श्वास बंद पडला. ग्रामीण रुग्णालयात पोचलो तेव्हा ओठ निळे पडले होते. तिथल्या डॉक्टरनी नळी टाकून, फुगा दाबून श्वास दिला, सापाचं औषध लावलं आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मण्यार असावी म्हणाले. बरेच दिवस मशीनवर होते, पण जीव वाचला.

शुद्धीवर आल्यापासून यांचं अंग उडतं. पडून असले की काही नाही, झोपेत तर अजिबात नाही. पण घास तोंडाशी नेला की हात असा उडतो की भात भिंतीवर. पाण्याचा गडवा दातावर आदळून ओठ फुटतो. उभे राहिले की पाय थडथड नाचतात आणि मधूनच गुडघा सुटून खाली बसतात. मागून कोणी हाक मारली, ताट पडलं, कुकरची शिटी झाली की सगळं अंग दचकतं. लेकरं आधी हसायची, आता जवळ जात नाहीत. बोलणं तुटक आहे, पण डोकं शाबूत आहे. मागच्या हंगामात कापूस किती गेला, कोणाकडे किती बाकी, सगळं यांनीच तोंडी सांगितलं. एमआरआयमध्ये काही निघालं नाही. तेव्हापासून भाऊबंद म्हणतात, काम नको म्हणून नाटक करतो. सासूबाई म्हणतात, सापाचा कोप आहे. भगताकडे नेऊन आल्या.

डॉक्टरनी लिहून दिलेली गोळी झोपेची आहे, सवय लागते, असं मेडिकलवाला म्हणाला. म्हणून मी कधी देते, कधी नाही. आणि एक सांगायची लाज वाटते. पुतण्याच्या लग्नात यांनी थोडी घेतली आणि त्या रात्री स्वतःच्या हाताने जेवले. मी डोळ्यांनी पाहिलं. आता म्हणतात, माझं औषध हेच. जिल्हा दारूबंदीचा, पण मिळायची तिथे मिळतेच. ही फिट आहे का? हे बरे होतील का? लेकरांना हा आजार लागेल का?
— एक भगिनी, जि. वर्धा

उत्तर : ताई, तुम्ही अर्धी तपासणी घरीच करून पाठवली आहे. पडून असले की काही नाही आणि घास उचलला की हात उडतो, हे वाचल्यावर मला पुढचं फारसं वाचायची गरज उरली नव्हती. नुसत्या पत्रावर शिक्का मारता येत नाही, मेंदूविकाराच्या डॉक्टरनी समोर बसवून बघायलाच हवं. पण श्वास बंद पडून माणूस वाचला, शुद्धीवर आल्यावर हालचाल करतानाच झटके सुरू झाले आणि बुद्धी जागेवर राहिली, एवढं जुळलं की आमच्या डोक्यात एकच नाव येतं : लान्स-ॲडम्स सिंड्रोम. ऑस्ट्रेलियाचे जेम्स लान्स आणि अमेरिकेचे रेमंड ॲडम्स या दोन डॉक्टरांनी १९६३ साली असे चार रुग्ण बारकाईने अभ्यासून मांडले, म्हणून हे नाव. चौघांच्याही मेंदूला मध्ये काही काळ प्राणवायू कमी पडला होता. आजार दुर्मीळ आहे, कारण एवढा वेळ श्वास थांबलेली माणसं बहुधा वाचत नाहीत, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पूर्ण शुद्ध येत नाही. तुमचे यजमान दोन्हीतून बाहेर आले. ग्रामीण रुग्णालयात ज्या कोणी फुगा दाबत ठेवला, त्याचे हे उपकार आहेत.

विष त्यांच्या मेंदूत गेलेलं नाही. मण्यारीचं विष मज्जातंतूचं टोक आणि स्नायू यांच्यामधला निरोप तोडतं. आधी पापण्या, मग जीभ-घसा, मग छातीचे स्नायू. टोकं एकदा बिघडली की सापाचं इंजेक्शन त्यांना लगेच उठवू शकत नाही. ती पुन्हा तयार होईपर्यंत श्वास मशीननेच द्यावा लागतो, म्हणून ते इतके दिवस मशीनवर होते. ती टोकं आता बरी झाली आहेत. मागे राहिली ती रस्त्यातल्या त्या काही मिनिटांची इजा. लेकरांना हा आजार लागत नाही. रक्तातून जात नाही, ताटातून जात नाही.

ओवा दिल्याचं मनाला लावून घेऊ नका. मण्यारीचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा खूण सापडत नाही. सूज नाही, आग नाही, माणूस झोपेतून जागाही होत नाही. पत्र वाचणाऱ्या बाकी मंडळींनी मात्र हे पक्कं ध्यानात ठेवावं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, तर तो अपचनाचा रोगी नाही. खूण शोधत बसू नका, गाडी काढा. आणि जागलीला जाताना खाट आणि मच्छरदाणी न्या. मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचायची, नुसती वरून लोंबती ठेवायची नाही. आपल्याकडे मच्छरदाणी डासांसाठी असते असा समज आहे. मण्यारीच्या गावात ती सापासाठी लावावी.

आता, फिट आहे का? हे झटके फिटचे भाऊबंद आहेत, पण वेगळे. एक झटका डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो आणि शुद्ध जात नाही. याला आम्ही मायोक्लोनस म्हणतो. मेंदूत हालचालीचा हुकूम देणारे भाग असतात, तसे तो हुकूम आवरून धरणारेही असतात. लहान मेंदूतल्या आवरून धरणाऱ्या पेशी प्राणवायूच्या बाबतीत फार नाजूक. त्या गेल्या की बैल जोराचा आणि कासरा सैल, अशी गत होते. हात तोंडाकडे न्यायचा हुकूम सुटतो, पण त्याला आवर राहत नाही. काम जितकं नेमकं, तितका झटका मोठा. म्हणून रिकामा हात हलवताना कमी आणि भरला घास तोंडाजवळ नेताना जास्त. गुडघा सुटतो तो प्रकार याच्या उलट आहे. तिथे स्नायू आखडत नाही, त्याची ताकद क्षणभर गुल होते. हे तुमच्या डॉक्टरना वेगळं सांगा, कारण गोळ्यांनी हाताचे झटके जितके आवरतात तितकं पायाचं हे सुटणं आवरत नाही. काही रुग्णांना या झटक्यांच्या जोडीला खरी फिटही येते. कधी शुद्ध गेली, दातखीळ बसली, कपड्यात लघवी झाली, तर ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला.

नाटकाचा मुद्दा. माझ्या टेबलावर स्टीलचा एक ग्लास अर्धा भरून ठेवलेला असतो. असा रुग्ण आला की मी त्याला आधी नुसता बसू देतो, पीकपाण्याच्या गप्पा मारतो. हात मांडीवर गप्प पडलेले असतात आणि माणूस आजारी वाटतच नाही. मग म्हणतो, घ्या, पाणी प्या. ग्लासला बोटं लागेपर्यंत ठीक असतं. उचलला की मनगट एकदा उडतं, सावरतं, पुन्हा उडतं, आणि ओठ वीतभर लांब राहिले की सगळ्यात जोराचा हिसका बसतो. पाणी टेबलावर, कधी केस-पेपरवर, बरेचदा माझ्या शर्टावर. एमआरआय काढताना माणसाला हलू नको म्हणतात, आणि यांचा आजार तर हलल्यावरच उठतो. शिवाय ते मशीन मेंदूची घडण दाखवतं. इजा बारीक, पेशींच्या पातळीची असेल तर चित्र स्वच्छ येऊ शकतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे माणूस नॉर्मल आहे, हा अर्थ भाऊबंदांनी लावला, रेडिओलॉजिस्टने नाही. स्वतःचा ओठ रोज फोडून घेणारं नाटक मी तरी अजून पाहिलेलं नाही.

गोळीबद्दल मात्र मी रागावणार आहे, तुमच्यावर कमी आणि मेडिकलवाल्यावर जास्त. पत्रात गोळीचं नाव नाही, पण या आजारात देतात ती झोप आणणारी गोळी म्हणजे बहुतेक क्लोनाझेपाम. तिने झोप येते हे खरं, पण इथे ती झोपेसाठी दिलेली नाही, झटका दाबण्यासाठी दिलेली आहे. शरीराला तिची सवय होते हेही खरं, आणि नेमकं म्हणूनच ती कधी द्यायची, कधी नाही, असं चालत नाही. अचानक तुटली की झटके दुपटीने उसळतात, फिटही येऊ शकते. गुंगी फार येत असेल तर डॉक्टर रात्रीच्या लहान डोसपासून सावकाश चढवत नेतात. एका गोळीने भागलं नाही तर व्हॅल्प्रोएट किंवा लेव्हेटिरासिटाम जोडतात, कधी पिरॅसिटाम. दोन-तीन औषधांची जोडी लागणं यात नेहमीचं आहे. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर लिव्हरची आणि रक्ताची तपासणी अधूनमधून हवी. लेव्हेटिरासिटामने काही माणसं एकाएकी चिडकी होतात. घरात विनाकारण भांडणं वाढली तर तो स्वभाव समजू नका, डॉक्टरना सांगा. पिरॅसिटामचा डोस ग्रॅममध्ये मोजावा लागतो, गोळ्या ढीगभर होतात आणि खर्च वाढतो, म्हणून ते मागाहून. आणखी एक, गावाकडे अंग उडालं की फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन लिहून देण्याची पद्धत आहे. अशा झटक्यांत ती बरेचदा कामाची नसतात, कधी उलट वाढवतात. चिठ्ठीत यातलं काही असेल तर विचारा. नाल्याला पूर येऊन रस्ता बंद होणारं गाव असेल तर पावसाळ्यात आठवडाभराच्या गोळ्या जास्तीच्या घरात असू द्या.

आता दारू. लाज वाटायचं कारण नाही, ही माहिती आमच्या फार कामाची आहे. थोड्या दारूने झटके तात्पुरते थांबतात हे या आजारात काही रुग्णांमध्ये खरोखर दिसतं. मेंदूला शांत करणारी जी यंत्रणा क्लोनाझेपाम जोरात चालवतं, तिच्यावरच दारूचाही हात पडतो. म्हणजे तुमच्या यजमानांनी पाहिलं ते खरं आहे, त्यांना खोटं पाडू नका. त्यांना एवढंच सांगा, की ज्या कामासाठी तुम्ही ती घेता तेच काम ही गोळी बारा महिने करू शकते. तिला एकदा नेमाने संधी द्या. दारूचा असर उतरला की दुसऱ्या दिवशी झटके आधीपेक्षा जास्त येतात. मग ते थांबवायला सकाळीच घ्यावी लागते, आणि पुढची वाट कुठे जाते हे तुम्हाला माहीत आहे. आणि क्लोनाझेपामवर दारू पडली तर श्वास मंद होतो. ज्याचा श्वास एकदा बंद पडून परत आला आहे, त्याने हा जुगार खेळू नये. हे शेवटचं वाक्य त्यांना वाचून दाखवा, माझं नाव सांगून.

जेवणाचं आजपासून बदलता येईल. पाठ भिंतीला टेकवून बसवा. समोर उंच पाट किंवा चौरंग घ्या, त्यावर ताट ठेवा आणि दोन्ही कोपरं पाटावर रोवून ठेवायला सांगा. कोपर उचलायचं नाही. हात तोंडाकडे न्यायच्या ऐवजी तोंड हाताकडे आणायचं. मान वाकवून जेवणं दिसायला बरं दिसत नाही, पण भात भिंतीवर जात नाही. सुट्ट्या भातापेक्षा भाकरीत घट्ट पिठलं किंवा भाजी गुंडाळून दिलेला रोल हातात टिकतो. पाण्याला झाकणाची बाटली आणि आत नळी. बाटली पाटावरच राहील, उचलायची नाही. चहा कोमट, तोही नळीने. कापडाची लांबट पिशवी शिवून पाव किलो वाळू भरा आणि मनगटाला बांधून बघा. काहींना या वजनाने फरक पडतो, काहींना काहीच नाही, आठवडाभरात कळेल. हे नीट शिकवणारी माणसं असतात, त्यांना ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा स्वतंत्र विभाग आहे. गोळीसाठी नागपूरला जाल तेव्हा तिथेही नंबर लावा.

दचकण्याचं लेकरांना समजावून सांगा, ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. मागून हाक मारायची नाही, समोर येऊन बोलायचं. कुकर लागला की 'बाबा, शिटी होणार आहे' एवढं आधी सांगितलं तरी अंग तितकं उडत नाही. शौचाला उकिडवं बसणं त्यांना सगळ्यात धोक्याचं. प्लास्टिकची कमोड खुर्ची मिळते ती आणा. आंघोळही खुर्चीवर. चुलीपाशी, विहिरीच्या काठावर, कडबा कुट्टीच्या मशीनजवळ, मोटारीच्या स्टार्टरजवळ नको. मोटारसायकल, मचाण, फवारणी, विळा बंद. पण हिशोब त्यांच्याकडेच राहू द्या. सालगड्याला सकाळी काम नेमून देणं, फोनवरून भाव विचारून कापूस कधी विकायचा ते ठरवणं, हे त्यांनीच करायचं आणि भाऊबंदांच्या देखत करायचं.

बरे होतील का? पूर्ण, पहिल्यासारखे, असं मी लिहून देणार नाही. पण हा आजार वाढत जाणारा नाही, इजा एकदाच झालेली आहे. नेमाने औषध घेतलेले अनेक रुग्ण महिन्यांच्या नव्हे, वर्षांच्या हिशोबाने सुधारतात. आधी हात हाती येतो, चालणं मागाहून.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, त्यात मज्जासंस्थेचे दीर्घकाळचे आजार आहेत. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात. पण तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे हा माणूस खुर्चीत शांत बसेल आणि कोणालाच काही दिसणार नाही. म्हणून एक ग्लास आणि पाण्याची बाटली सोबत न्या, आणि साहेबांना म्हणा, यांना पाणी प्यायला लावा. घरी जेवतानाचा, उभं राहतानाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये असू द्या.

सासूबाईंना दिवा लावायचा तर लावू द्या. मुलगा मरणाच्या दारातून आला आहे, त्यांना काहीतरी करायला हवं. फक्त भगताचा अंगारा आणि गोळी यात एकाच्या बदल्यात दुसरं, असा सौदा होऊ देऊ नका. रात्रीची गोळी द्यायचं काम सासूबाईंकडेच सोपवलंत तर एकही दिवस चुकणार नाही असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. अमरावतीला वसतिगृहात राहून नीटची तयारी करते. सकाळी उठल्यावर तिच्या हातातला ब्रश उडतो, कप सुटतो, दिवसभर मग काही नाही. जागरण झालं की जास्त. मागच्या महिन्यात पहाटे पडली, दातखीळ बसली. डॉक्टरनी फेनिटॉइन सुरू केलं, तर सकाळचे झटके वाढले. अभ्यास उत्तम आहे. पुढे सोयरिकीच्या वेळी हे सांगावं लागेल का?
— एक आई, ता. मंगरूळपीर, जि. वाशीम

उत्तर : हा आजार वरच्यासारखा दुर्मीळ नाही. किशोरवयात सुरू होणारी ही मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे अपस्माराचा (फिटच्या आजाराचा) एक प्रकार आहे असं दिसतं. खूण सकाळची : उठल्यानंतरच्या तासाभरात खांदे-हात उडतात, बाकी दिवस स्वच्छ. मुलं याला झटका म्हणतच नाहीत, 'हातातून पडलं' म्हणतात. घरचे धांदरटपणा म्हणतात. आणि मोठी फिट आल्यावर सगळे दवाखान्यात येतात. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या प्रकारात झटके वाढवू शकतात, तुमचा अनुभव तोच आहे. पण गोळी स्वतः बंद करू नका. मेंदूविकाराच्या डॉक्टरकडून बदलून घ्या, तीही सावकाश. रात्री कमी झोपवून सकाळी ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काढला तर निदान पक्कं व्हायला मदत होते.

यावर व्हॅल्प्रोएट सगळ्यात परिणामकारक आहे. तरीही मुलीच्या जातीला मी ते सहजासहजी देत नाही. गरोदरपणात ते चालू राहिलं तर साधारण दर १० पैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं आणि १० पैकी ३ ते ४ मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी येतात. म्हणून मुलींना बहुधा आधी लेव्हेटिरासिटाम. औषध अनेक वर्षं, पुष्कळदा कायम लागतं. 'दोन वर्षं फिट नाही आली, आता बंद' हा हिशोब या प्रकारात लागू पडत नाही, फिट परत येते.

आणि झोप. नीटवाल्या मुलांना झोपेचं सांगणं म्हणजे वाऱ्यावर वरात, पण हिला सांगावंच लागेल. पहाटे तीनचा गजर बंद. हिच्यासाठी जागरण हेच विष आहे. वसतिगृहातल्या एका मैत्रिणीला आणि वॉर्डनला सगळं सांगून ठेवा. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही.

अभ्यास उत्तम आहे हे तुम्ही लिहिलंत, बरं झालं, मी तेच विचारणार होतो. कारण अशाच झटक्यांसोबत एखाद्या लेकराचं शाळेतलं लक्ष, बोलणं, चालणं महिन्यामहिन्याने घसरत असेल, तर मला बालपणीच्या गोवराची आठवण येते. गोवराचा विषाणू काही थोड्या मुलांच्या मेंदूत दबून राहतो आणि काही वर्षांनी उठतो. ठरावीक अंतराने मान किंवा धड झटक्याने खाली जातं आणि लेकरू हळूहळू हातचं जातं. त्या आजाराला एसएसपीई म्हणतात; तो मुळापासून बरा करणारं औषध आजही नाही. ९ महिन्यांची आणि दीड वर्षाच्या आसपासची गोवराची लस हाच त्यावरचा उपाय. अंगणवाडीतल्या ताई बोलावतात तेव्हा 'लेकरू किरकिर करतं' म्हणून घरी ठेवणाऱ्यांसाठी हे लिहिलं. तुमच्या मुलीला त्यातलं काही नाही.

सोयरिकीचं : सांगा. लपवलेली गोळी सासरी पहिल्या आठवड्यात बंद पडते आणि फिट तिथेच येते. कायद्याची भीती बाळगू नका. अपस्मार असला तर लग्नाला अडसर, ही अट १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून काढून टाकलेली आहे. मुलगी डॉक्टर झाली तर सोयरीक तुम्हाला शोधावी लागणार नाही, हा आपला माझा अंदाज.

प्रश्न : वय २४. झोप लागता लागता खड्ड्यात पडल्यासारखं होऊन अंग एकदम उडतं. मला फिटचा आजार आहे का?
— एक तरुण, जि. भंडारा

उत्तर : नाही. हा प्रकार पुष्कळांना होतो, मलाही होतो. उचकी हाही स्नायूचा झटकाच असतो, तिच्यासाठी कोणी एमआरआय काढत नाही. संध्याकाळनंतरचा चहा आणि रात्रीचा मोबाइल कमी करा.

प्रश्न : वडिलांचं वय ७१. मधुमेह जुना, किडनी कमजोर. तळपायाची आग होते म्हणून एका दवाखान्यात प्रीगाबालिन सुरू केलं. तिसऱ्या दिवसापासून अंग सारखं उडतं, हातातली काठी पडते, दिवसा झोपाळतात, असंबद्ध बोलतात. लकवा आला का?
— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : या पानावरचं सगळ्यात घाईचं पत्र तुमचं आहे. प्रीगाबालिन आणि तिची बहीण गाबापेंटिन ही औषधं शरीराबाहेर जातात ती किडनीवाटे. किडनी मंद असेल तर चांगल्या माणसाचा डोस अशा रुग्णाच्या अंगात साचत जातो, आणि मग हेच होतं : झटके, गुंगी, बडबड. लकव्यात एक बाजू लुळी पडते. दोन्ही बाजू अशा उडत राहत नाहीत. पण नुसती किडनी आणखी बिघडली तरी असेच झटके येतात, साखर फार उतरली तरी माणूस असंबद्ध बोलतो. म्हणून घरी बसून कारण ठरवू नका. मासिक हातात पडलं त्याच दिवशी सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून, किडनीचा शेवटचा रिपोर्ट सोबत घेऊन, वडिलांना डॉक्टरकडे न्या. निघण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर बघा. डॉक्टरना आधी एवढंच सांगा, की ही गोळी सुरू केल्यावर झटके आले आणि किडनी कमजोर आहे. क्रिएटिनिन, युरिया, सोडियम, पोटॅशियम तपासून ते गोळी कमी करायची की थांबवायची ते ठरवतील. कारण गोळीच असेल तर काही दिवसांत वडील ताळ्यावर येतात. तळपायाच्या आगीसाठी दुसरी औषधं आहेत, पण कोणतीही घेताना 'किडनीच्या हिशोबाने डोस द्या' हे तुम्हीच म्हणायचं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला काउंटरवर कोणी विचारत नाही.